जेन ऑस्टिनचं नक्की कुठलं चरित्र वाचायचं, आणि दोन चरित्रांत दोन वेगळ्या बायका का भेटतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला जेन ऑस्टिनच्या दोन-तीन कादंबऱ्या आवडल्या म्हणून तुम्ही तिचं चरित्र वाचायला घेतलं, ते अर्धं झाल्यावर दुसरं उघडलं तर त्यात भलतीच बाई निघाली. एकीकडे घरात शांतपणे शिवणटिपण करत मधूनमधून लिहिणारी गोड आत्या, दुसरीकडे जिभेला धार असलेली, आतून धुमसणारी बाई. मग खरी कुठली, एकच चरित्र वाचायचं तर कुठलं, आणि चरित्र वाचून कादंबऱ्या जास्त कळतात का, असे तीन प्रश्न. मी बरीच वर्षं चरित्रांची हस्तलिखितं संपादित करते, चरित्रलेखन शिकवतेही, आणि ऑस्टिन हे माझं वर्गातलं ठरलेलं उदाहरण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पुस्तकाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुमची खरी अडचण पुस्तक निवडण्याची नाहीच. सगळ्या चरित्रकारांच्या हातात कागद जवळपास तेच आहेत, ते अगदी तोकडे आहेत, आणि मधल्या रिकाम्या जागा प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे भरल्यात. म्हणून कुठलंही चरित्र हातात आलं की मी आधी बघते, जिथे काहीच माहीत नाही तिथे हा लेखक काय करतो? गप्प बसतो, अंदाज करतो आणि तसं सांगतो, की अंदाज करून तो घडलेली गोष्ट म्हणून खपवतो?

आता कागद किती तोकडे ते बघा. जन्म १६ डिसेंबर १७७५, हॅम्पशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात, वडील तिथल्या चर्चचे रेक्टर म्हणजे मुख्य पाद्री, आठ भावंडांत ही सातवी. मृत्यू १८ जुलै १८१७, विंचेस्टरला, वय ४१. डायरी मागे राहिलेली नाही, आत्मचरित्र नाही, जिवंतपणी एकाही कादंबरीवर नाव नाही, पहिलीवर नुसतं 'एका लेडीने लिहिलेली' एवढंच. उरलेली पत्रं साधारण १६०. याहून कितीतरी जास्त होती, पण थोरली बहीण कॅसँड्राने स्वतःच्या मृत्यूच्या दोन-तीन वर्षं आधी बसून ती चाळली आणि बहुतेक जाळून टाकली. कॅसँड्रा गेली १८४५ मध्ये. हे आपल्याला भाची कॅरोलाइनने १८६७ मध्ये लिहिलेल्या आठवणींतून कळतं, आणि तीच पुढे सांगते की जी पत्रं कॅसँड्राने भाच्यांना आठवण म्हणून दिली त्यातल्याही काहींमधला मजकूर कापून काढलेला होता.

कॅसँड्राला लोक फार शिव्या घालतात. मला ते पटत नाही. ही पत्रं तिची होती, तिला आलेली होती, आणि त्यात नातेवाइकांबद्दल काय काय लिहिलं असेल ते उरलेल्या पत्रांवरून सहज कळतं. शिवाय १७९७ साली तिचा ठरलेला नवरा टॉम फाउल वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला, त्या वर्षातलं जेनचं एकही पत्र आज नाही. सख्ख्या बहिणीने त्या दिवसांत काय धीर दिला हे जगाने का वाचावं?

आणि बऱ्याच वाचकांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. पत्रं लिहिली जायची ती बहिणी लांब असताना, एक भावाकडे केंटमध्ये आणि दुसरी घरी अशा वेळी. एकत्र राहत असताना पत्राची गरजच नाही. म्हणजे एकही पत्र जळलं नसतं तरी जेनच्या आयुष्यातले ते महिने आपल्याला कोरेच दिसले असते जेव्हा ती जिच्याशी सगळं बोलायची ती माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. तेव्हा 'या काळातलं पत्र नाही, म्हणजे इथे काहीतरी मोठं दडलंय' असं कोणी म्हटलं की जरा थांबायचं.

सगळ्यात मोठी रिकामी जागा म्हणजे मे १८०१ ते सप्टेंबर १८०४, कारण मे १८०१ च्या अखेरच्या पत्रानंतर पुढचं पत्र थेट १४ सप्टेंबर १८०४ चं, लाइम रीजिसहून. तुमच्या दोन चरित्रांतल्या दोन बायका बहुतेक इथेच वेगळ्या झाल्या असणार. वडिलांनी अचानक रेक्टरचं काम मोठ्या मुलाकडे सोपवून गाव सोडून बाथ शहरात राहायला जायचं ठरवलं. कुटुंबात पुढे सांगितली गेलेली गोष्ट अशी की बातमी ऐकून जेनला भोवळ आली. ही गोष्ट कागदावर आली ती कित्येक दशकांनी. आणि ३ जानेवारी १८०१ ला सुरू केलेल्या पत्रात ती स्वतः काय लिहिते? की घर सोडायच्या कल्पनेची मला हळूहळू सवय होतेय, या भागात आपण पुरेसे दिवस राहिलो, बेसिंगस्टोकच्या नाचाच्या पार्ट्यांतही आता पूर्वीसारखी मजा नाही, आणि पुढचे उन्हाळे समुद्रकाठी किंवा वेल्समध्ये घालवायचे म्हणजे छानच.

आता हे पत्र कसं वाचाल? एक जण म्हणेल बघा, आनंदात होती. दुसरा म्हणेल, ही उसनी मजा आहे, 'सवय होतेय' म्हणजे आधी धक्का बसलेला होताच, आणि नेमकं डिसेंबर १८०० चं एकही पत्र नाही, ते कॅसँड्राने जाळलं असणार. दोन्ही वाचनं त्याच चार ओळींतून निघतात. क्लेअर टोमॅलिनने १९९७ च्या चरित्रात दुसरी बाजू घेतली, म्हणजे घर सुटल्याने जेन खचली आणि दहा वर्षं तिचं लिखाण जवळपास थांबलं. मांडणी फार ताकदीची आहे, वाचताना पटतेच. पण त्याच काळात दोन गोष्टी घडल्यात त्याही विसरायच्या नाहीत. १८०३ मध्ये तिने 'सुझन' नावाची कादंबरी (हीच पुढे 'नॉर्दँगर ॲबी' म्हणून आली) क्रॉस्बी नावाच्या प्रकाशकाला १० पौंडांना विकली, आणि 'द वॉट्सन्स' ही अर्धवट राहिलेली कादंबरी ज्या कागदावर आहे त्याचा वॉटरमार्क १८०३ चा आहे. म्हणजे बाई बाथमध्ये बसून अगदीच हात बांधून नव्हती.

याच काळात, डिसेंबर १८०२ मध्ये, मॅनीडाउन नावाच्या मोठ्या घराच्या वारसाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि सकाळी नाही. तो २१ चा, ही २७ ची व्हायला आलेली. हे सगळं आपल्याला घरच्यांच्या नंतरच्या सांगण्यावरून माहीत आहे, तिचा स्वतःचा त्याबद्दल एक शब्द नाही. तरीही त्या रात्री ती कशी तळमळली याचं दीड-दोन पानी वर्णन केलेली लिखाणं माझ्या टेबलावर आलीयत. मी अशा ठिकाणी लाल पेन्सिलीने एवढंच लिहिते, 'तुम्ही खोलीत होता का?'

आता 'गोड आत्या' कुठून आली ते. ती घरच्यांनी घडवली, आणि दोन टप्प्यांत. ती गेल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर १८१७ मध्ये, भाऊ हेन्रीने तिच्या शेवटच्या दोन कादंबऱ्यांना छोटी चरित्रात्मक टिपणी जोडली. त्यात ती धार्मिक, सौम्य, कोणाला कधी वावगं न बोललेली, आणि लिहायला लागली तेव्हा कीर्तीची वा नफ्याची आशा मनात नसलेली अशी बाई आहे. गंमत म्हणजे तिचं नाव गुप्त ठेवायचं ठरलेलं असताना बहिणीच्या कौतुकापोटी चारचौघांत 'हे माझ्या बहिणीने लिहिलंय' म्हणून सांगून टाकणारा हाच हेन्री, १८१३ च्या एका पत्रात जेननेच त्याची ही चहाडी केलीय.

दुसरा टप्पा भाच्याचा. जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली, मोठ्या भावाचा मुलगा, आत्याच्या अंत्यविधीला हजर असलेल्यांत सगळ्यात लहान. त्याने पन्नासहून जास्त वर्षांनी, १८६९ च्या अखेरीस, आठवणींचं पुस्तक काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं जगाला माहीत असलेली जेन ही त्याचीच जेन. त्यात काय नाही ते बघा. जेनचा दुसरा भाऊ जॉर्ज याला लहानपणापासून फिट्स यायच्या, त्याला दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला ठेवलेलं होतं, तो १८३८ पर्यंत जगला. पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. चित्राचंही तसंच. कॅसँड्राने काढलेलं जेनचं एक छोटं स्केच आहे, आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत, त्यात हाताची घडी, ओठ आवळलेले, नजर बाजूला, काहीशी वैतागलेली बाई. ते पुस्तकात छापायचं म्हणून एका चित्रकाराकडून नवं करून घेतलं, त्यात डोळे मोठे झाले, चेहरा गोलसर आणि शांत झाला, टोपीची झालर वाढली. इंग्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर २०१७ पासून आहे ती ही सुधारून घेतलेली जेन.

आणि ते 'हस्तिदंताच्या दोन इंची तुकड्यावर बारीक कुंचल्याने काम करते' वालं वाक्य, जे प्रत्येक प्रस्तावनेत तिच्या कलेचं सूत्र म्हणून येतं. ते पत्र १६ डिसेंबर १८१६ चं, याच भाच्याला लिहिलेलं. तो तेव्हा १८ वर्षांचा, नुकताच कादंबरी लिहायला लागलेला, आणि त्याची अडीच प्रकरणं हरवली. आत्या त्याला लिहिते की बरं झालं मी इतक्यात तुमच्याकडे आले नव्हते, नाहीतर चोरीचा आळ माझ्यावर आला असता, आणि तुझी ती जोरकस, मर्दानी, रंगीबेरंगी चित्रं घेऊन मी करणार तरी काय, माझ्या एवढ्याशा हस्तिदंतावर ती जोडू कुठे? पोराची टिंगल चाललीय हो. हेन्रीने ते वाक्य उचललं, भाच्याने पत्र छापलं, आणि मग जग ते गंभीर चेहऱ्याने वाचत बसलं. तिला स्वतःच्या कामाबद्दल असं वाटत नसेलच असं मी म्हणत नाही, पण आधी पूर्ण पत्र वाचा आणि मग ठरवा.

तरी भाच्याचं पुस्तक टाकाऊ समजू नका. त्याने आणि त्याच्या बहिणींनी लिहून ठेवलं नसतं तर घरातला तिचा आवाज, मुलांना गोष्टी सांगणं, हे सगळं गेलं असतं. फक्त ते वाचताना लक्षात ठेवायचं की लिहिणारे म्हातारे झालेले प्रतिष्ठित लोक होते आणि आत्या त्यांना आपल्या काळात शोभेल अशी हवी होती. त्याच वर्षी दुसरी भाची फॅनी, जी जेनची लाडकी, तिने बहिणीला खाजगी पत्रात लिहिलं की आत्याच्या बुद्धीच्या मानाने तिचं राहणंवागणं म्हणावं तितकं सुसंस्कृत नव्हतं. वाचून राग येतो, पण यातूनच कळतं की घरच्यांना लपवावंसं काय वाटत होतं.

धारदार बाई आली ती पत्रं छापली गेल्यावर. फॅनी १८८२ मध्ये गेली, तिच्याकडचा गठ्ठा तिच्या मुलाने, लॉर्ड ब्रेबॉर्नने, १८८४ मध्ये प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये आर. डब्ल्यू. चॅपमनने पत्रांची नीट आवृत्ती काढली, आणि वाचक दचकले. १७९८ च्या एका पत्रात ती लिहिते की शेरबोर्नच्या मिसेस हॉल काहीतरी बघून घाबरल्या आणि दिवस भरायच्या आधीच त्यांना मृत मूल झालं, मला वाटतं चुकून नवऱ्याकडे नजर गेली असावी. हे वाक्य घेऊन बरीच दुष्ट जेन, चिडलेली जेन, बंडखोर जेन लिहिली गेलीय. पण बावीस वर्षांची बहीण आपल्या बहिणीला, जिच्यापासून काही चोरून ठेवायचं नसतं, जे लिहिते ते तिचं जगाबद्दलचं अंतिम मत धरायचं का? तुमचे तुमच्या बहिणीला किंवा जवळच्या मैत्रिणीला पाठवलेले मेसेज उद्या कोणी छापले तर?

म्हणजे इथपर्यंत असं झालं, की गोड आत्या नातेवाइकांच्या आठवणींतून आलीय आणि धारदार बाई बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून. दोन्ही खऱ्या कागदांवर उभ्या आहेत, फक्त कागद वेगळे आहेत.

आता मी स्वतः सगळ्यात जास्त विश्वास कशावर ठेवते? पैशावर. भावनांबद्दल माणूस बहिणीशीही थोडं खोटं बोलतो, पण पैशाचे आकडे दुसऱ्या बाजूच्या हिशेबाशी ताडून बघता येतात. वडील जानेवारी १८०५ मध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर चर्चचं उत्पन्न गेलं. आई आणि दोन मुली यांच्यासाठी भावांनी वर्गणी काढली, ती आणि आई व कॅसँड्राचं स्वतःचं थोडं उत्पन्न मिळून वर्षाला साधारण साडेचारशे पौंड जमायचे. कॅसँड्राकडे निदान टॉम फाउलने ठेवलेले १,००० पौंड होते, जेनकडे स्वतःचं काहीही नाही. भाऊ एडवर्ड श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेलेला, दोन इस्टेटींचा मालक, पण त्याने आई-बहिणींना राहायला चॉटन गावातलं घर देईपर्यंत १८०९ उजाडलं. चार वर्षं का लागली यावर चरित्रकार भांडतात, आणि मला वाटतं भांडावंच.

एप्रिल १८०९ मध्ये, चॉटनला जायच्या आधीच, तिने क्रॉस्बीला पत्र टाकलं, मिसेस ॲश्टन डेनिस असं खोटं नाव घेऊन, की सहा वर्षं झाली, पुस्तक छापलं नाही, हस्तलिखित हरवलं असेल तर दुसरी प्रत देते, नाहीतर दुसरीकडे छापते. सहीच्या आद्याक्षरांचा शब्द होतो 'मॅड', म्हणजे संतापलेली. उत्तर आलं की छापायचं बंधन आमच्यावर नाही, दुसरीकडे छापाल तर अडवू, हवं असेल तर घेतले तेवढे १० पौंड भरून घेऊन जा. तिने ते १८१६ मध्ये परत घेतलं. या एका पत्रव्यवहारातून मला बाईचा स्वभाव जितका दिसतो तितका शंभर पानांच्या मनोविश्लेषणातून दिसत नाही.

पुढे १८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' स्वतःच्या जोखमीवर, म्हणजे तोटा झाला तर तो आपण भरायचा या बोलीवर, छापली, त्यात १४० पौंड मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा कॉपीराइट प्रकाशक एजर्टनला ११० पौंडांना विकला, १५० मिळाले असते तर बरं झालं असतं असं मैत्रिणीला लिहिलं. जुलै १८१३ मध्ये नौदलातल्या भावाला, फ्रँकला, हिशेब कळवते की लिहून लिहून २५० पौंडांपर्यंत आलेय आणि आता आणखी हवेसे वाटतात. १८१५ मध्ये जॉन मरेने 'एमा'सकट तीन पुस्तकांच्या कॉपीराइटचे मिळून ४५० पौंड देऊ केले, तिचं मत, हा लबाड आहेच, पण सभ्य लबाड. तिने नकार दिला आणि 'एमा' स्वतःच्या जोखमीवर काढली. दुर्दैवाने 'मॅन्सफिल्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीचा तोटा त्यातून वळता झाला आणि 'एमा'चे तिच्या हयातीत हातात आले ते जेमतेम ३९ पौंड. आता हेन्रीचं 'नफ्याची आशा नव्हती' परत वाचा. ती १८१४ मध्ये फॅनीला सरळ लिहिते की स्तुती मलाही आवडते, पण एडवर्ड ज्याला 'प्यूटर' म्हणतो तेही आवडतं, म्हणजे रोकड.

तुम्ही सिनेमा बघून टॉम लफ्रॉयबद्दलही विचारलंय, म्हणजे जेनच्या तरुणपणच्या प्रेमप्रकरणातला म्हणून दाखवतात तो. जानेवारी १७९६ च्या दोन पत्रांत तो आहे, ती वीस वर्षांची, नाचात दोघांनी कसा बेशरमपणा केला ते बहिणीला मजेत सांगते, तो मागणी घालेल अशी अपेक्षा आहे पण पांढरा कोट टाकून द्यायचं कबूल केल्याशिवाय हो म्हणणार नाही, असंही. मग तो निघून गेला, पुढे आयर्लंडचा मुख्य न्यायाधीश झाला, आणि म्हातारपणी कबूल केलं की तिच्यावर प्रेम होतं, पण पोरवयातलं. एवढंच. आयुष्यभराचं दुःख वगैरे पुढच्यांनी घातलेलं आहे.

अशीच एक जागा तिच्या आत्याची, फिलाडेल्फियाची. ही १७५२ मध्ये हिंदुस्थानात आली, ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅन्कॉक नावाच्या सर्जनशी लग्न केलं, आणि १७६१ मध्ये कलकत्त्याला मुलगी झाली, एलायझा. तिचा गॉडफादर वॉरन हेस्टिंग्ज, तोच आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, आणि त्याने पुढे तिच्या नावे १०,००० पौंड ठेवले. ही एलायझाच नंतर हेन्रीची बायको झाली. एवढी रक्कम का, मूल त्याचंच होतं का, यावर एकमत नाही. चांगली परीक्षा आहे ही, तुमच्या हातातल्या चरित्रात हे पान काढा आणि लेखक 'कंपनीत अशी कुजबुज होती' म्हणतो की 'हेस्टिंग्जची मुलगी' म्हणून पुढे जातो ते बघा. 'असणारच', 'वाटलंच असेल' हे शब्द कुठे कुठे येतात त्यावर पेन्सिलीने खूण करत गेलात तरी चालेल, एका प्रकरणात दहा खुणा झाल्या तर तुम्ही कादंबरी वाचताय.

मग एकच वाचायचं तर? ते तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. गोष्टीसारखं सलग वाचायचं असेल तर टोमॅलिनच, बाथच्या प्रकरणात आणि बाळपणीच दाईकडे ठेवल्याचा जन्मभर परिणाम झाला वगैरे भागात सावध राहून. तिच्याच वर्षी आलेलं डेव्हिड नोक्सचं जास्त खट्याळ आणि भांडखोर आहे, त्याची जेन मला कधीकधी जरा ओढूनताणून केलेली वाटते, पण टोमॅलिननंतर वाचायला उत्तम. तारखा आणि नाती पक्की हवी असतील तर डिअर्डर ले फे, रुक्ष आहे, कथनाची अपेक्षा ठेवू नका. पॉला बर्नने २०१३ मध्ये एकेक वस्तू घेऊन त्याभोवती प्रकरणं लिहिलीत, ल्युसी वर्स्लीने २०१७ मध्ये घरांभोवती, दोन्ही हलकी आणि माहितीपूर्ण. कुठलंही घ्या, पण शेजारी ले फेने संपादित केलेली पत्रं उघडी ठेवा. चरित्रात पत्राची एखादी ओळ आली की अख्खं पत्र काढून वाचायचं. वेळ दुप्पट लागतो, मजा चौपट येते.

राहिला शेवटचा प्रश्न, याने कादंबऱ्या जास्त कळतात का. काही बाबतीत हो, विशेषतः कुणाचं वर्षाला किती उत्पन्न हे पहिल्या दोन पानांत का येतं ते नीट कळतं. पण आयुष्यातली घटना आणि कादंबरीतली घटना यांची सरळ जोडी लावायला जाऊ नका. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या सुरुवातीला वडील जातात आणि आई व तीन मुली वर्षाला ५०० पौंडांवर घराबाहेर पडतात, सावत्र भाऊ द्यायचं ठरवून शेवटी काहीच देत नाही. वाचणारा लगेच म्हणतो, हे तर १८०५ नंतरचं त्यांचंच घर. फक्त या कादंबरीचा पहिला खर्डा १७९५ च्या सुमाराचा, तेव्हा वडील जिवंत, घर शाबूत, आणि बाथचं नावही नव्हतं. तो खर्डा पत्ररूपात होता आणि आज शिल्लक नाही, त्यामुळे पैशाचं ते प्रकरण त्यात आधीपासून होतं की १८०५ नंतर आलं हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि जो चरित्रकार सांगतो त्याच्या तळटीपा आधी बघा.